दत्तजयंतीची शेवंती

नरसोबाच्या वाडीहून परत निघालेल्या यात्रेकरूच्या हातांत काय असतें, हें एस.टी.च्या थांब्यावर घटकाभर उभें राहिलें तर सहज कळतें. कोणाच्या हातांत पेढ्यांचा पुडा, कोणाच्या पिशवींत कवठाची बर्फी, तर कोणी बासुंदीचा डबा कलंडूं नये म्हणून तो मांडीवर घेऊन बसलेला. आमच्या घरून मात्र गेलीं कित्येक वर्षें एक निराळीच वस्तु परगांवीं जात आली आहे. ती म्हणजे ओल्या फडक्यांत गुंडाळलेली शेवंतीची काशी. ही काशी म्हणजे तीर्थक्षेत्र नव्हे. शेवंतीचा बहर ओसरला म्हणजे जुन्या बुंध्याशीं मातींतून मुळांसकट जो नवा फुटवा वर येतो, त्याला काशी म्हणतात. या काशीनें मला जें शिकविलें, तें पुस्तकांतून शिकूनहि मला कळलें नव्हतें. म्हणून तिची हकीकत आज सांगावीशी वाटते.

मी १९९१ सालीं लग्न होऊन या घरांत आलें. माझें माहेर पुण्याचें. तेथें फूल म्हणजे मंडईंत विकत घ्यावयाची वस्तु. आणि शेवंती म्हणजे हारांत ओवलेलें, चार दिवस न कोमेजणारें एक सोईस्कर फूल, एवढीच माझी तिच्याशीं ओळख होती. वाडीच्या घरीं ओसरीच्या कट्ट्यावर दोन मातीच्या कुंड्या आणि मागील दारीं विहिरीजवळ रॉकेलचा एक अर्धा कापलेला डबा, असा सासूबाईंचा सारा बगीचा होता. तिन्ही ठिकाणीं एकच शेवंती. बारीक, पांढरी, मध्यें पिवळसर. ती त्यांनीं आपल्या माहेराहून, मिरजेहून, आणली होती. पहिल्या वर्षीं श्रावणांत मीं ती पाहिली तेव्हां नुसतीं कातरलेलीं, उग्र वासाचीं पानें. मला वाटलें, हें एखादें औषधी झाड असावें. मार्गशीर्षांत मात्र एका सकाळीं ओसरीवर आलें आणि उभीच राहिलें. पानें दिसत नव्हतीं, इतकीं फुलें! नदीवरून येणारें धुकें अजून विरलें नव्हतें, देवळाकडून पहांटेच्या आरतीचा घोष येत होता, आणि त्या गारव्यांत शेवंतीचा तो कडवट-गोड वास दरवळत होता. सासूबाईंनीं एकच टपोरें फूल खुडून परडींत ठेवलें व म्हणाल्या, “दत्तजयंतीला पहिलें फूल महाराजांना. मग घरच्या देवांना. मग आपल्या केंसांत.”

हा क्रम त्यांनीं कधीं मोडला नाहीं. वाडींत दत्तजयंतीस विकत मिळणाऱ्या फुलांना तोटा नसतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर त्या दिवशीं माणसांचा तिसरा प्रवाह येऊन मिळतो, आणि सूर्यास्ताच्या सुमारास जन्मकाळ होतो त्या वेळीं पादुकांवर फुलांची रास पडते. त्या राशींत आपलें एक फूल गेलें काय आणि न गेलें काय, असें मला पहिल्यानें वाटे. पण सासूबाईंचा हिशेब निराळा होता. त्या एका फुलासाठीं त्यांचें वर्ष वैशाखांतच सुरू होत असे.

शेवंतीचें वर्ष गृहिणीच्या वर्षासारखेंच आहे. मिरविण्याचे दिवस थोडे, राबण्याचे पुष्कळ. बहर संपला कीं सासूबाई झाड जमिनीपासून चार बोटें राखून कापून टाकीत. मला तें निर्दयपणाचें वाटे. परंतु तसें केल्याशिवाय बुंध्याशीं काश्यांचा जोर होत नाहीं. वैशाखांत जुनी कुंडी पालथी करून मुळांचा गड्डा सोडवायचा, जून झालेला मधला भाग टाकून द्यायचा, आणि कडेच्या कोंवळ्या, पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या काश्या वेगळ्या करायच्या. जुनेंच झाड त्याच कुंडींत वर्षानुवर्षें ठेवलें तर काश्यांची दाटी होते, माती निःसत्त्व होते आणि फूल वर्षागणिक लहान होत जातें. माती दोन भाग, चाळलेली वाळू एक भाग आणि पुरतें कुजलेलें शेणखत एक भाग, असें मिश्रण त्या करीत. आमच्याकडील काळी माती पाणी फार धरते आणि शेवंतीला पायाशीं पाणी सांचलेलें मुळींच खपत नाहीं. म्हणून कुंडीच्या भोंकावर खापराचा तुकडा ठेवल्याशिवाय त्या मातीला हात लावीत नसत.

रोप वीतभर झालें कीं त्याचा शेंडा खुडायचा. महिन्याभरानें नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हां खुडायचे. शेंडा खुडला कीं झाड उंच जाण्याचा हट्ट सोडतें आणि चहूं बाजूंनीं फुटतें. पण श्रावण संपला कीं खुडणें बंद. पाणी सकाळीं, बुडाशीं, पानांवर नव्हे. कारण ओलीं पानें रात्रभर तशींच राहिलीं तर त्यांवर काळे ठिपके पडतात. मावा पडला तर रिठ्याचें पाणी. ऊन दिवसाकांठीं पांच-सहा तास. कळी दिसूं लागली कीं खत बंद आणि फांद्यांना काठीचा आधार. हें सारें मी त्यांच्या हाताखालीं दोन वर्षांत शिकलें. एक नियम मात्र मला नुसता खुळा वाटे. तिन्हीसांज झाली कीं त्या झाडाजवळ दिवा नेऊं देत नसत. “तें निजलें आहे,” एवढेंच कारण त्या सांगत.

आतां माझ्या फजितीची गोष्ट सांगतें. २०१४ च्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं सासूबाईंचा पाय ओसरीच्या पायरीवरून घसरला. थोडक्यांत निभावलें, पण मीं दुसऱ्याच दिवशीं ओसरीवर एक लख्ख पांढरा विजेचा दिवा बसवून घेतला. अंधार पडला कीं तो आपोआप लागे आणि उजाडल्यावर आपोआप विझे. सासूबाईंनीं त्याच्याकडे पाहिलें, मग कट्ट्यावरील कुंड्यांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, “त्याच्या तोंडावर उजेड येतो ग.” मी हंसून म्हणालें, “आई, तुमच्या पायाला जपायचें कीं झाडाच्या झोपेला?” त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. सूनेनें काळजीनें केलेल्या गोष्टीला नांवें ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आश्विन गेला, कार्तिक गेला. ओसरीवरील दोन्ही झाडें हिरवीगार, भरदार, पानें कशीं तकतकीत! पण कळी म्हणून नाहीं. मीं खत वाढविलें, पाणी कमी केलें, कुंड्या उन्हाच्या दिशेनें फिरविल्या. कांहीं उपयोग झाला नाहीं. मार्गशीर्ष उजाडला तेव्हां मागील दारच्या काळोखांत, त्या गंजलेल्या रॉकेलच्या डब्यांत, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नव्हतें ती तिसरी शेवंती फुलांनीं वांकली होती. आणि दिव्याच्या उजेडांत ठेवलेल्या दोघी वांझोट्या उभ्या होत्या. पहिलें फूल त्या डब्यांतील झाडानें पुरविलें. पण घरच्या देवांना आणि शेजारणींना पुरावीं म्हणून त्या वर्षीं सासूबाईंनीं प्रथमच बाजारांतून पावशेर शेवंती आणविली. त्या दिवशीं मला फार ओशाळल्यासारखें झालें.

ओशाळण्याचें खरें कारण तर पुढेंच आहे. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली! या प्रश्नाचें उत्तर मीं परीक्षेंत लिहून मार्कहि मिळविले होते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढें ‘मेरीलँड मॅमथ’ नांवाच्या तंबाखूचें कोडें होतें. ही तंबाखू उन्हाळ्यांत शेतांत पुरुषांहून उंच वाढे, पण फुलत नसे. तीच हिंवाळ्यांत कांचगृहांत लहान असतांनाच फुलून येई. ऊब, ओल, खत, सारें तपासून झाल्यावर त्यांनीं भर उन्हाळ्यांत कांहीं झाडें रोज कांहीं तास अंधाऱ्या खोलींत ठेवून पाहिलीं, आणि तीं फुललीं. दिवस किती लांबीचा आहे, यावरून झाड आपला फुलण्याचा काळ ठरवितें, हें त्यांनीं सिद्ध केलें. पुढें १९३८ सालीं हॅमनर आणि बॉनर यांनीं दुसऱ्या एका झाडावर असें दाखविलें कीं, अशीं झाडें खरें पाहतां दिवस मोजीत नसून रात्र मोजतात. लांब रात्रीच्या मध्यें क्षणभर जरी उजेड पडला, तरी ती मोजणी मोडते आणि झाडाला वाटतें कीं रात्र लहानच आहे. ही मोजणी ज्याच्या साहाय्यानें होते, तें फायटोक्रोम नांवाचें रंगद्रव्य पानांत असतें.

आमच्या भागांत उन्हाळ्यांतील मोठ्यांत मोठा दिवस सुमारें तेरा तासांचा आणि हिंवाळ्यांतील लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो. फरक दोनच तासांचा. आपणांस तो जाणवतहि नाहीं. पण शेवंती तेवढ्यावर आपलें सारें वर्ष बेतते. नवरात्राच्या सुमारास रात्र दिवसाहून मोठी होऊं लागली कीं ती पानें काढण्याचें सोडून कळ्या धरूं लागते, आणि पुढें आठ-दहा आठवड्यांनीं फूल पुरतें उमलतें. मीं तिच्या डोक्यावर रात्रभर दुसरा सूर्य लावून ठेवला होता. ती बिचारी आषाढच चालला आहे अशा समजुतीनें पानांमागून पानें काढीत राहिली. जें मीं इंग्रजी पुस्तकांतून शिकलें आणि विसरलें, तें सासूबाईंनीं “तें निजलें आहे” या तीन शब्दांत राखून ठेवलें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं तो दिवा काढून पायरीच्या अगदीं खालच्या अंगाला, झांकणी घालून, पायापुरताच उजेड पडेल असा बसविला. पायहि सांभाळला आणि झोपहि.

ही काळोखाची गरज एकट्या शेवंतीची नाहीं. माझी एक मैत्रीण गेलीं वीस वर्षें अमेरिकेंत आहे. तिकडे नाताळांत घरोघर पॉइन्सेटियाच्या कुंड्या ठेवतात. हें झाड मूळचें मेक्सिकोचें; जोएल पॉइन्सेट नांवाच्या वकिलानें तें १८२८ च्या सुमारास आपल्या देशीं नेलें म्हणून त्याचें तें नांव. त्याचा लाल भाग म्हणजे फूल नव्हे, तीं रंगलेलीं पानेंच; खरें फूल मध्यें बारीकसें पिवळें असतें. दुकानांतून आणलेलें झाड पहिल्या नाताळांत लालभडक असतें आणि दुसऱ्या वर्षीं हिरवेंच राहतें, अशी तिची तक्रार होती. दिवाणखान्यांत रात्रीं अकरापर्यंत दिवे, मग तें लाल व्हावें कसें? मीं तिला लिहिलें कीं, ऑक्टोबरपासून दोन महिने रोज संध्याकाळीं पांचपासून सकाळीं आठपर्यंत त्यावर खोकें पालथें घाल. त्या वर्षीं तिचें झाड लाल झालें. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील डोंगरांतून आलेलें, ज्याला तिकडे नाताळचें निवडुंग म्हणतात, त्याचाहि स्वभाव असाच. आणि फुलांचा व्यापार करणारे लोक तर हीच युक्ति उलटसुलट वापरतात. शेवंतीवर काळें कापड ओढून ते तिला अवेळीं फुलवितात, आणि रात्रीं दिवे लावून तिला थोपवूनहि धरतात. बाजारांत बारा महिने शेवंती दिसते, ती अशी.

थोपवून धरण्याची ही विद्या पुढें माझ्याहि उपयोगीं पडली. सासूबाईंची एक नेहमींची अडचण होती. शेवंती सूर्याचें पंचांग पाळते आणि दत्तजयंती चंद्राचें. मार्गशीर्ष पौर्णिमा कधीं डिसेंबरच्या आरंभीं येते, तर कधीं अधिक महिन्याच्या वर्षीं अगदीं अखेरीस. २०२२ सालीं ती ७ डिसेंबरला होती. २०२० सालीं २९ डिसेंबरला आणि २०२३ सालीं २६ डिसेंबरला. उशिराच्या वर्षीं पहिला बहर ओसरून गेलेला असे आणि सासूबाई शेवटच्या चार फुलांना डोळ्यांत तेल घालून जपत. २०२० सालीं मीं एका कुंडीवर नवरात्र संपल्यावरहि आणखी दोन आठवडे रात्रीं दिवा लावला, आणि मगच तिला काळोखांत नेलें. दत्तजयंतीला ती ऐन बहरांत होती. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे त्या दिव्याचे पैसे फुकट गेले नाहींत म्हणायचे!” सहा वर्षांनंतर त्यांनीं त्या गोष्टीचा केलेला हा पहिला आणि शेवटचा उल्लेख.

परंतु २०२० सालीं आमच्या कट्ट्यावर शेवंती होती, हेंच मुळीं नवल होतें. कारण त्याच्या आदल्या वर्षीं महापूर येऊन गेला होता.

वाडीच्या माणसाला पुराचें भय निराळें सांगावें लागत नाहीं. पावसाळ्यांत कृष्णा चढते, पाणी देवळांत शिरतें, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यांत स्नान करण्यासाठीं लोक दुरून येतात. पाणी आलें कीं देवाची उत्सवमूर्ति उंच जागीं नेतात, आणि माणसेंहि आपलीं भांडींकुंडीं माळ्यावर चढवितात. पूर हा आमच्याकडे संकटाआधीं पाहुणा असतो. आमच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण सासूबाईंनीं गेरूनें करून ठेवली होती. त्यामुळें २०१९ च्या नागपंचमीला, ५ ऑगस्टला, पाणी चढूं लागलें तेव्हां आम्हीं त्या खुणेवर हातभर उंचीच्या फळीवर तिन्ही झाडें ठेवलीं आणि कागदपत्रें, देव व औषधें घेऊन जयसिंगपुरास नातलगांकडे गेलों. एवढें पाणी पुन्हां थोडेंच येणार, असें सर्वांनाच वाटत होतें.

पाणी त्या खुणेवर थांबलें नाहीं. घरीं परतलों तेव्हां भिंतीवर गेरूची खूण कोठें होती तेंहि दिसेना; सर्वत्र एकच करडा गाळ. त्या दिवसांचें वर्णन मी येथें करीत नाहीं. शिरोळ तालुक्यांतील प्रत्येक घराला तें सांगतां येईल, आणि ज्यांचीं जनावरें व पिकें गेलीं त्यांच्यापुढें आमच्या दोन कुंड्या आणि एक डबा यांचें नुकसान तें काय? फळी जागेवर होती. तीवर कुंड्याहि होत्या. झाडें मात्र काळीं पडून, कुजून, मातीला चिकटलीं होतीं. सासूबाईंनीं, वय वर्षें एक्याऐंशी, काठी बाजूला ठेवली, कुंडींत बोटें घालून बुंध्याशीं एखादी जिवंत काशी लागते का तें चांचपून पाहिलें आणि हात धुतले. पन्नासांहून अधिक वर्षें चालत आलेलें त्यांच्या माहेरचें झाड संपलें होतें. त्या रडल्या नाहींत. दिवसभर गाळ काढण्यांत गेला. रात्रीं जेवतांना त्या एकाएकीं म्हणाल्या, “घेवड्याच्या वेलाची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?”

वाडीच्या घरांत ही गोष्ट ठाऊक नाहीं असें कोणी नाहीं. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायांत ती आहे, आणि ती घडली तें अमरापूर आमच्या समोरच्याच कांठावर. एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारीं घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाहीं तर त्याच्या शेंगांवर त्या घराची गुजराण होई. नृसिंहसरस्वती त्या घरीं भिक्षेला गेले, तीच भाजी जेवले, आणि जातांना तो वेल तोडून टाकून गेले. घरांतील बाई रडूं लागली. ब्राह्मणानें तिची समजूत घातली, आणि वेलाचें मूळ काढून टाकावें म्हणून खणूं लागला तों खालीं द्रव्यानें भरलेला कुंभ लागला. ही गोष्ट मीं अनेकदां ऐकली होती आणि मला ती कधींच पुरती आवडली नव्हती. कुंभ सांपडला हें ठीक. पण वेल तुटल्यापासून कुंभ लागेपर्यंतची ती घटका त्या बाईनें कशी काढली असेल? मीं तसें बोलून दाखविलें. सासूबाई म्हणाल्या, “मी तेंच म्हणतें. ती घटका आतां आपली आहे.” आणि जेवण तसेंच पुढें चाललें.

आमच्या गोष्टींत कुंभ लागला तो आमच्या अंगणांत नव्हे, धारवाडास. माझ्या वन्सं तिकडे दिलेल्या. गौरी-गणपति आटोपल्यावर त्या आईला भेटायला आल्या त्या बसमधून, मांडीवर एक प्लास्टिकची बादली घेऊन. बादलींत वीतभर उंचीचीं, चांगलीं फुटलेलीं शेवंतीचीं दोन झाडें होतीं. “आई, तूं तीन वर्षांपूर्वीं काशी दिली होतीस ना, तिचींच आहेत हीं. माझ्याकडे पांच कुंड्या झाल्या.” सासूबाईंनीं बादली जवळ ओढली, एक पान चुरगळून वास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला. पुराच्या सबंध काळांत मीं त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलें तें एवढेंच.

त्या वर्षीं दत्तजयंती ११ डिसेंबरला होती. धारवाडची झाडें जागा बदलल्यानें थोडीं रुसलीं होतीं. एकंदर नऊ फुलें आलीं. पहिलें महाराजांना गेलें, दुसरें घरच्या देवांना. तिसरें केंसांत माळायचें तें सासूबाईंनीं माळलें नाहीं. “यंदा झाडावरच राहूं दे, पुष्कळ सोसलें आहे त्यानें,” म्हणाल्या. फुलें सुकल्यावर त्यांनीं नेहमींप्रमाणें झाड चार बोटांवर कापलें, आणि मग मला वही घेऊन बसविलें. आजवर कोणाकोणाला काश्या दिल्या तीं नांवें त्यांना आठवून लिहून घ्यायचीं होतीं. बोळांतील पांच घरें, कुरुंदवाडच्या दोन, इचलकरंजीची एक, पुण्याला माझी आई, मुंबईला भाची. बोळांतील पांचहि घरांची शेवंती पुरांत गेली होती. “तर मग या पांच आधीं,” त्या म्हणाल्या. मीं म्हटलें, “आई, दोनच झाडें आहेत. यंदा आपल्यापुरत्या ठेवूं, पुढच्या वर्षीं देऊं.” तेव्हां त्यांनीं माझ्याकडे जरा कठोरपणानेंच पाहिलें. “आपल्यापुरत्या ठेवल्या असत्या तर आज हीं कोठून आलीं असतीं?”

मला वाटतें, माझ्या सबंध शिक्षणांत न शिकलेली गोष्ट ती हीच. पुष्कळ वर्षें मी समजत होतें कीं झाड जपणें म्हणजे त्याला आपल्या जवळ, आपल्या नजरेखालीं, आपल्या दिव्याच्या उजेडांत ठेवणें. शेवंतीनें दोन्ही वेळां मला उलटा धडा दिला. एकदां अति उजेडानें ती फुलली नाहीं, आणि एकदां केवळ दुसऱ्याच्या दारीं होती म्हणून ती जगली. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला योग्य वेळीं काळोखांत एकटें सोडावें लागतें, आणि योग्य वेळीं मुळांसकट तोडून दुसऱ्याच्या हातांत द्यावें लागतें. मुलांविषयीं हें बोलायला सोपें आहे; कुंडींतील झाडाविषयीं करून पाहावें, म्हणजे त्यांतील अवघडपणा कळतो.

२०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला. त्या खेपेस फळीवर विसंबलों नाहीं. पाणी पायरीला लागण्यापूर्वींच दोन कुंड्या जयसिंगपुरास रवाना झाल्या आणि त्या वांचल्या. सासूबाई मात्र पुढच्या फाल्गुनांत गेल्या. त्या वर्षींची दत्तजयंती ७ डिसेंबरला, म्हणजे लवकर होती. कळ्या पुष्कळ, पण उमललेलें फूल एकच. कोणाला द्यावें याचा विचार करण्याचें कारणच नव्हतें. क्रम ठरलेला होता.

शेवंतीच्या एका फुलाला आपण एक फूल म्हणतों, पण तें एक नसतें. प्रत्येक पांढरी पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल, आणि मधल्या पिवळ्या चकतींतील प्रत्येक कणहि एक फूल. शेंकडों फुलें एका देंठावर दाटीनें बसतात आणि जग त्यांना एकच नांव देतें. आमच्या बोळांतील घरांचेंहि आतां तसेंच झालें आहे. कोणाची शेवंती कोणाकडून आली याचा हिशेब लागत नाहीं; सारी एकाच मुळाची.

आतां संध्याकाळ झाली आहे. ओसरीवरचा मोठा दिवा मी लावीत नाहीं. पायरीशीं तेवढा लहान दिवा जळतो आहे. यंदाचा बहर आटोपून झाड कापलें आहे, आणि बुंध्याशीं सात काश्या वर आलेल्या दिसतात. सासूबाईंची वही समोर आहे. सहा नांवें लिहून झालीं. सातवी जागेवरच राहील.